तार पंचमाच्या पुढचं गाणं

वाचकाचं पत्र: मी २० वर्षांची आहे, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकतेय, गांधर्व महामंडळाची विशारद झाली आहे. काळी पाचमध्ये गाते. दोन वर्षांपासून ऑपेरा ऐकतेय आणि मला सोप्रानो, म्हणजे बायकांच्या सगळ्यात उंच आवाजाची गायिका, व्हायचंय. त्यासाठी जर्मनीला जायची तयारी आहे. गुरुजी म्हणतात, आवाज बिघडेल. बाबा म्हणतात, परदेशात गाणं शिकून पोट भरतं का ते आधी सांग. आई म्हणते, जा. वय उलटून गेलंय का? ख्याल सोडावा लागेल का? आणि बाहेरून आलेल्या मुलीला तिथे खरंच काम मिळतं का? – स., नाशिक

प्रिय स.,

वयाचं आधी सांगतो. उशीर झालेला नाही, पण हातात फार वेळही नाही. जर्मनीतल्या संगीत विद्यापीठांना होखशुले म्हणतात. तिथला गायनाचा बॅचलर चार वर्षांचा, मास्टर्स दोन वर्षांचं. बॅचलरला घेताना अनेक होखशुले पंचविशीच्या आसपास रेघ ओढतात आणि त्यानंतरच्या ऑपेरा स्टुडिओंची, म्हणजे नाट्यगृहांच्या उमेदवारीच्या वर्गांची, मर्यादा साधारण तिशीच्या आसपास असते. बाविसाव्या वर्षी आत गेलीस तर अठ्ठाविसाव्या वर्षी बाहेर पडशील, हिशेब नीट बसतो. चोविसाव्या वर्षी गेलीस तर ओढूनताणून बसतो. म्हणून आमचं म्हणणं असं की बी.कॉम. पूर्ण कर आणि त्याच काळातले १८ महिने नाशिकमध्ये राहून आवाज तपासून घे. जायचं की नाही हे आज ठरवूच नकोस. १८ महिन्यांनी ठरव, आणि पुढे दिलेल्या कसोट्यांवर ठरव.

तुझ्या गुरुजींची भीती वाजवी आहे, फक्त तिचं कारण जरा वेगळं आहे. तुझा सा काळी पाच, म्हणजे पियानोच्या मधल्या सीच्या एक स्वर खालचा. त्या पट्टीत तुझा तार पंचम म्हणजे पियानोवरचा एफ, मधल्या सीला सी४ म्हटलं तर एफ५. ख्याल गाताना तू तिथे कधीतरी जाऊन येतेस, मुक्काम करत नाहीस. बायकांच्या आवाजाचा वरचा सांधा, जिथे छातीचा भरीवपणा सोडून आवाज पूर्णपणे वरच्या यंत्रणेवर जातो, तो साधारण ई५ ते एफ-शार्प५ इथे असतो. तुझ्या भाषेत सांगायचं तर तार तीव्र मध्यम ते कोमल धैवत. सोप्रानोचं काम या सांध्यावरून सतत ये-जा करण्याचं असतं आणि तिच्या मोठ्या जागा सांध्याच्या वर असतात. सी६, म्हणजे तुझ्या अतितार सप्तकातला शुद्ध रिषभ, हा लिरिक, म्हणजे मऊ, सुरेल आवाजाच्या सोप्रानोचा नेहमीच्या कामातला स्वर आहे. मोझार्टच्या ‘जादूची बासरी’मधल्या रात्रीच्या राणीला एफ६ लागतो, म्हणजे अतितार पंचम.

थोडक्यात, तुझं इतक्या वर्षांचं शिक्षण जिथे थांबतं तिथे या गाण्याचं खरं काम सुरू होतं. बिघाडही तिथेच होतो. ख्याल गाणारी मुलगी सवयीने छातीचा आवाज तसाच वर रेटते. एफ५पर्यंत तो जातो, कानाला जोरदार वाटतो, घरचे टाळ्या वाजवतात. काही महिन्यांत सकाळी आवाज घोगरा लागतो, हळू गाताना वरचे स्वर उमटेनासे होतात, आणि तपासणीत स्वरतंतूंवर गाठी दिसतात. म्हणून सुरुवात गाण्याने करू नकोस, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कर. स्ट्रोबोस्कोपी मागून घे. साध्या दुर्बिणीच्या तपासणीत स्वरतंतूंचं कंपन दिसत नाही, स्ट्रोबोस्कोपीत दिसतं. अहवाल आणि व्हिडिओ जपून ठेव. वर्षभराने पुन्हा तपासशील तेव्हा तुलनेला तोच लागेल.

पहिले तीन-चार महिने गाणी नाहीतच. रोज २० मिनिटांच्या तीन बैठका, मधे किमान दोन तासांची विश्रांती. पहिल्या बैठकीत ओठांची फुरफुर, मग ‘ङ’वर खालपासून वरपर्यंत सायरनसारखी सरक, मग स्ट्रॉ. पेल्यात दोन-तीन बोटं पाणी, स्ट्रॉचं टोक पाण्यात, आणि त्यातून स्वर काढत बुडबुडे. पाण्याचा विरोध स्वरतंतूंवरचा ताण कमी करतो, म्हणून ही कसरत सुरक्षित आहे आणि फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांनाही चालते. दुसऱ्या बैठकीत सा रे ग म प म ग रे सा फक्त ‘ऊ’वर, हळू आवाजात, दर वेळी अर्धा स्वर वर. तार मध्यमाच्या पुढे जबडा सैल सोडून खाली येऊ दे आणि ‘ऊ’ थोडा ‘अ’कडे झुकू दे. इथे बहुतेक मुली घाबरून तोंड मिटतात आणि स्वर चेपतो. जबडा उघडण्यामागे कारण आहे. त्या उंचीवर मूळ स्वरच ७०० ते १,००० हर्ट्झचा असतो. तोंडाच्या पोकळीचा नैसर्गिक अनुनाद त्याच्याशी जुळवला की कमी श्रमात आवाज मोठा होतो, नाही जुळवला तर घसा ती भरपाई करतो. म्हणूनच वरच्या स्वरांत सोप्रानोचे शब्द नीट कळत नाहीत. तिथे ‘ई’ शुद्ध ठेवण्याचा हट्ट महागात पडतो.

माइक नसतो हे तू वाचलं असशीलच. साठ-सत्तर वादकांच्या वृंदावरून आवाज न्यायचा तर ताकद पुरत नाही. वृंदाचा सगळ्यात जास्त जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि ३,००० हर्ट्झच्या आसपास तो पातळ होतो. शिकलेला आवाज खालच्या-मधल्या स्वरांत तिथे चमक आणतो आणि वरच्या स्वरांत मघाशी सांगितलेली जुळवणी वापरतो. आपल्या संगीत नाटकातली जुनी नटमंडळीही माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची, पण त्यांच्या मागे ऑर्गन, सारंगी आणि तबला असायचा.

श्वासाचं एकच सांगतो, कारण यावर नको इतकं बोललं जातं. चार अंक मोजत आत, चार अंक धरून, चार अंक सोडत. मग पाच-पाच-पाच, मग सहा. धरताना घसा बंद नको, फासळ्या उघड्या हव्यात. बारापर्यंत सहज पोचलीस की पुरे. पोट पुढे ढकलण्याच्या कसरती कोणी शिकवल्या तर सोडून दे.

आता ख्याल. सोडू नकोस, पण पहिले सहा महिने दिवसाला अर्ध्या तासावर आण आणि तो ऑपेराच्या रियाजानंतर ठेव, आधी नको. पहाटेचा खर्ज त्या काळात बंद. खर्जाने आवाज जड होतो आणि त्याच सकाळी वर चढायचं म्हटलं की सांध्यावर अडतो. तार सप्तकातल्या जोरकस ताना पूर्ण बंद. तुझ्या ताना घशाच्या हालचालीवर चालतात. ऑपेरातल्या जलद जागा श्वासाच्या दाबावर चालतात. दोन्ही एकाच महिन्यात शिकलीस तर दोन्ही अर्धवट राहतील. याबद्दल शिक्षकांमध्ये मतभेद आहेत, काहीजण ख्याल पूर्ण थांबवायला सांगतील. आम्हाला ते पटत नाही. स्वर लावण्याची सवय आणि पाठांतराची ताकद ही तुझ्याकडची मोठी पुंजी आहे.

कानाची मात्र एक अडचण येईल. तानपुऱ्यावर जुळलेला शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका. तुझा कान ‘बरोबर’ म्हणेल तो गंधार पियानोवाल्याला उतरलेला वाटेल. शिक्षक ‘फ्लॅट’ म्हणाले की वाद घालू नकोस, पियानोबरोबर गात राहा, दोन-तीन महिन्यांत कान दोन्ही पट्ट्या ओळखायला लागतो. शिवाय स्वर सरळ लावून धरण्याची तुझी सवय आहे, इथे सेकंदाला पाच ते सात वेळा हलणारा कंप अपेक्षित असतो. तो मुद्दाम हलवून आणू नकोस. घसा मोकळा झाला आणि श्वास नीट झाला की तो आपोआप येतो. मुद्दाम आणलेला कंप पुढे डगमगीत बदलतो.

नोटेशन शिकायला तुला इतरांपेक्षा सोपं जाईल. विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत आश्रम काढला आणि स्वरलिपीही घडवली. त्यांच्या परंपरेतल्या परीक्षा देऊन आलेल्या मुलीला मात्रा कागदावर मोजण्याची सवय असते. पाच रेघांचं नोटेशन, पट्ट्यांचे नियम आणि ताल यांसाठी एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची थिअरीची पाचवी ग्रेड हे लक्ष्य ठेव. त्यांच्या गायनाच्या सहाव्या ग्रेडपासून पुढे जायचं तर तीही लागते. पियानो निदान तिसऱ्या-चौथ्या ग्रेडइतका हवा, कारण प्रवेश परीक्षेत थोडा वाजवायला सांगतात आणि पुढे आपली गाणी आपणच बसवायची असतात. सगळ्यात जड जाईल ते विराम मोजणं. ख्यालात तू समेची वाट पाहतेस, इथे अकरा मात्रा गप्प राहून बाराव्या मात्रेच्या अर्ध्यावर यायचं असतं, तेही वृंदसंचालकाच्या काठीबरोबर. चर्चच्या क्वायरमध्ये हे सगळ्यात स्वस्तात शिकता येतं. शरणपूर किंवा त्र्यंबक नाक्याकडच्या चर्चमध्ये जाऊन विचार. चार आवाजांत आपला आवाज सांभाळायची सवय घरी एकटीने कधीच लागणार नाही.

शिक्षक मुंबईत शोधावा लागेल. आठवड्यातून एकदा सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरून जायचं आणि संध्याकाळी तिनेच परतायचं, हे नाशिककरांना नवीन नाही. गर्दीत उभं राहून, एसीच्या डब्यात कोरड्या हवेत गप्पा मारत गेलीस तर शिकवणीला आवाज उरणार नाही, म्हणून गाडीत गप्प राहायची सवय कर. मधल्या आठवड्यात ऑनलाइन शिकवणी चालेल, पण व्हिडिओ कॉलच्या अॅपमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सुरू कर. नाहीतर अॅप वरच्या स्वरांना गोंगाट समजून दाबतं आणि शिक्षकाला तुझा अर्धाच आवाज ऐकू जातो. मुंबईत एनसीपीए आणि रॉयल ऑपेरा हाउस इथले गायनाचे कार्यक्रम प्रत्यक्ष ऐक. नाशिक पूर्ण सोडायची तयारी असेल तर चेन्नईचं के.एम. म्युझिक कॉन्झर्वेटरी हा देशातला दुसरा रस्ता आहे.

मिसळीचा विषय काढावा लागतो, माफ कर. तिखट आणि तेलकट खाऊन रात्री लगेच आडवं झालं की आम्ल घशापर्यंत येतं आणि सकाळी स्वरतंतू सुजलेले असतात. मिसळ सोडायची गरज नाही, ती सकाळी खा आणि रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरक. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत साध्या पाण्याची वाफ पुरते, त्यात बाम घालू नकोस.

भाषांमध्ये आधी इटालियन, आणि इथे मराठी माणसाला आयतं भांडवल आहे. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे, र जिभेवर घोळवलेला, आणि ‘पत्ता’, ‘कच्चा’ यांतला जोर म्हणजे त्यांचं जोडव्यंजन. ‘चाक’ आणि ‘जहाज’ यांतले च-ज इटालियन झेडचं काम करतात, जर्मन झेडलाही तोच ‘चाक’चा च लागतो. चूक होते ती रोमन लिपीमुळे. अक्षर टी दिसलं की शाळेतल्या इंग्रजीचा ट तोंडात येतो. गाण्याचे शब्द आधी देवनागरीत लिहून काढ आणि ट-ड एकही येऊ देऊ नकोस. जर्मनमधले ओठ गोल करून म्हणायचे ‘ई’ आणि ‘ए’ आपल्याकडे नाहीत, ते आरशासमोर बसून शिकावे लागतात. गाण्यापुरतं नाही, बोलण्यापुरतंही जर्मन हवं. ए१ ते सी२ या युरोपीय भाषा-पातळ्यांपैकी बी१ ते बी२ पातळी बहुतेक होखशुले मागतात. आजपासून सुरू केलंस तर १८ महिन्यांत बी१ होतं.

कसोट्या अशा. सहाव्या महिन्याअखेर ‘ऊ’ आणि ‘ई’वर ए५पर्यंत हळू आवाजात, घसा न आवळता जाता आलं पाहिजे. जोरात जमतं पण हळू जमत नाही, तर ते जमलेलं नाही. बाराव्या महिन्याला सरावाच्या स्वरांत सी६ला स्पर्श, पुन्हा स्ट्रोबोस्कोपी, आणि तंतू स्वच्छ. अठराव्या महिन्याला चार रचना तोंडपाठ: एक जुनं इटालियन गीत, एक जर्मन गीत, मोझार्टची एक एरिया (ऑपेरातलं एकल गीत) आणि एक तुझ्या आवडीची, सलग गाऊन शेवटी आवाज ताजा. त्याच दिवशी एखादं सोपं, न पाहिलेलं नोटेशन पहिल्यांदाच गाऊन दाखवता आलं पाहिजे. यातलं बाराव्या महिन्याचं काही हुकलं तर जर्मनीचा अर्ज वर्षभर पुढे ढकल. अठराव्याचं बरंच हुकलं तर हा रस्ता तुझा नाही असं समज आणि ख्यालाकडे परत जा. तिथे तुझं काहीही वाया गेलेलं नसेल.

तू कुठल्या प्रकारची सोप्रानो हे आत्ता ठरवू नकोस. जर्मन नाट्यगृहं आवाजांची ‘फाख’मध्ये विभागणी करतात आणि भूमिका त्यानुसार देतात. झेर्लिना, पापागेना अशा हलक्या-चपळ भूमिका एका फाखमध्ये, पामिना, मिमी, मिकाएला लिरिकमध्ये, लुचिया, झेर्बिनेटा कोलोरातुरामध्ये, म्हणजे खूप उंच आणि चपळ तानांच्या आवाजात, आणि जर्मन संगीतकार वाग्नरच्या जड आवाजाच्या नायिका त्यांच्याही पलीकडे. चुकीचा फाख घेऊन बसलेल्या गायिका कमी नाहीत. गायिका किरी ते-कनावा न्यूझीलंडहून १९६६मध्ये लंडनला शिकायला आल्या त्या मेझो (सोप्रानोपेक्षा खालच्या आवाजाच्या) म्हणून, सोप्रानो त्या नंतर झाल्या. सोप्रानो जोन सदरलंड १९५१मध्ये सिडनीहून लंडनला आल्या, १९५२मध्ये तिथल्या कोव्हेंट गार्डन ऑपेरागृहात रुजू झाल्या आणि सुरुवातीला स्वतःला वाग्नरचा आवाज समजत होत्या. लुचियाची भूमिका करून जगभर नाव झालं ते फेब्रुवारी १९५९मध्ये. मधली सात वर्षं लहान-मोठ्या भूमिका आणि नोकरी. कोरियन सोप्रानो सुमी जो १९८३मध्ये सोलहून रोमला गेल्या आणि १९८६मध्ये इटलीतल्याच त्रिएस्तला गिल्डाची भूमिका गायल्या, पण त्यांचं गाणं आणि पियानो लहानपणापासून पाश्चात्त्य पद्धतीचं होतं. तू स्वतःचा वेग मोजायचा तर सदरलंडच्या पट्टीने मोज.

भारतीय म्हणून एक सापळा येईल. भारतात घडणारं ‘लाक्मे’ नावाचं १८८३चं फ्रेंच ऑपेरा आहे, त्याची नायिका ब्राह्मणाची मुलगी. तुझं नाव वाचून कोणीतरी ती भूमिका सुचवणारच. तिच्या प्रसिद्ध घंटागीतात ई६ लागतो. आवाज त्या फाखचा नसेल तर सरळ नकार दे.

आता बाबांचा प्रश्न, कारण तो घरातला सगळ्यात नेमका प्रश्न आहे. जर्मनीत गाण्यावर पोट भरतं, पण ते ताऱ्यासारखं नाही, नोकरदारासारखं. ८०हून अधिक सरकारी अनुदानावर चालणारी ऑपेरागृहं तिथे आहेत. हॉफ, रेगेन्सबुर्ग, ओस्नाब्रुक यांसारख्या नाशिकपेक्षा कितीतरी लहान शहरांतही गायकांचा स्वतःचा संच असतो. त्या संचातली जागा म्हणजे फेस्ट करार: महिन्याचा पगार, आरोग्यविमा, निवृत्तीवेतनाची वर्गणी. बदल्यात हंगामात पाच-सहा भूमिका, सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा तालमी, आणि ज्या दिवशी खेळ त्या दिवशी खेळ. या करारात एक कलम नीट समजून घे. तो एकेका हंगामाचा असतो आणि आपोआप वाढतो, पण पुढच्या हंगामासाठी तो वाढवायचा नसेल तर नाट्यगृहाने चालू हंगामात ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवायचं असतं. नवा संचालक आला की अनेकांना हे पत्र जातं, गाणं कितीही चांगलं असो. सलग १५ वर्षं झाली की सहसा काढता येत नाही, आणि म्हणूनच पंधरावं वर्ष जवळ आलं की नाट्यगृहं सावध होतात. परदेशी गायिकेचा व्हिसा त्या नोकरीवर टेकलेला असतो, त्यामुळे ऑक्टोबर तिला दोनदा भारी. जर्मन पदवीधरांना कुशल नोकरीची दोन वर्षं झाल्यावर, बाकीच्या अटी पूर्ण असतील तर, कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. पहिला फेस्ट करार मिळाला की डोळा त्यावर हवा, मोठ्या भूमिकेवर नाही.

कोरसची नोकरी कमीपणाची समजू नकोस. पगार आणि स्थैर्य दोन्ही बऱ्याचदा नवख्या एकल गायिकेपेक्षा चांगलं असतं. फक्त कोरसमधून एकल गायनाकडे परत येणाऱ्या थोड्या, हे माहीत असू दे. नुसतं मोकळं काम, म्हणजे प्रयोगागणिक मानधन, पहिल्या पाच वर्षांत धरू नकोस. घसा बसला तर त्या रात्रीचे पैसे जातात आणि व्हिसाही अवघड होतो. मैफिली आणि चर्चसंगीत हा आणखी एक मार्ग आहे. मुंबईत जन्मलेल्या, लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिकलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ यांचं नाव ऑपेराइतकंच मैफिलींत आणि नव्या संगीतात झालं. इंग्रज संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी त्यांच्या आवाजासाठी अनेक रचना केल्या.

खर्चाचं स्पष्ट बोलतो. बहुतेक जर्मन राज्यांच्या होखशुलेंत शिकवणी फी नाही, सत्राची किरकोळ वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि श्टुटगार्ट, कार्ल्सरूहे, मानहाइम, फ्रायबुर्ग तिथेच आहेत. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. युरो १०० रुपये धरला तर सुमारे १२ लाख, सहा वर्षांचे ७२ लाख. अर्ज करताना चालू आकडा तपासून घे, तो वाढत असतो. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, त्यातून खर्चाचा बराच भाग निघू शकतो, पण पहिल्या वर्षी निघत नाही असं धरून चाल. डॉइचलांडस्टिपेंडियम ही शिष्यवृत्ती महिना ३०० युरो देते आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळते. लंडनचा विचार असेल तर परदेशी विद्यार्थ्यांची फी वर्षाला वीस हजार पौंडांच्या बरीच वर जाते. बाबांना तो आकडा आधी दाखवलास तर जर्मनी स्वस्त वाटेल.

अर्जाचं चक्र असं असतं. हिवाळी सत्रासाठी अर्ज साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, आधी व्हिडिओ, मग मे-जूनच्या सुमारास प्रत्यक्ष परीक्षा. पाच ते आठ ठिकाणी अर्ज कर, एकाच प्रवासात तीन-चार परीक्षा बसतील अशा तारखा निवड. त्याआधी दोन-तीन महिने तिथल्या गायनशिक्षकांना लिही आणि चाचणी तास माग. अनेकजण देतात, आणि तू कोणाच्या वर्गात जाणार हे शहरापेक्षा महत्त्वाचं आहे. व्हिडिओ कापाकापी न केलेला, पूर्ण उंचीत दिसणारा, खऱ्या पियानोबरोबर, प्रतिध्वनी न घातलेला हवा. फोन दोन-तीन मीटर दूर ठेव. जवळ ठेवलास तर वरच्या स्वरांवर आवाज फाटतो आणि फोन आपणहून पातळी खाली ओढतो, मग तुझ्या सगळ्यात चांगल्या जागा सगळ्यात लहान ऐकू येतात. साथीदाराला द्यायची पानं वहीत नीट लावलेली, पाठपोट, कापलेल्या जागा पेन्सिलने खुणावलेल्या असू देत. नीट न लावलेल्या पानांमुळे साथ अडखळते आणि त्यात तुझीच पहिली एरिया जाते.

शिक्षण संपत आलं की झेड.ए.व्ही. या जर्मन सरकारी रोजगार खात्याच्या कलाकार विभागाकडे आवाजाची चाचणी दे. ती फुकट असते आणि नाट्यगृहं त्यांच्याकडे विचारणा करतात. चाचणीला पाच एरिया न्यायच्या, त्यात एक मोझार्ट आणि एक जर्मन असलीच पाहिजे. पहिली तू निवडतेस, दुसरी समोरचे निवडतात. म्हणून पाचवी ‘भरतीची’ म्हणून कच्ची ठेवू नकोस, नेमकी तीच मागतात. एजंट कमावलेल्या पैशावर टक्केवारी घेतो. नाव नोंदवायला आधी पैसे मागणारा एजंट नव्हेच. इटलीतल्या उन्हाळी ‘ऑपेरा कार्यशाळा’ हजारो युरो घेऊन भूमिका देतात, त्या भूमिकेला जर्मन नाट्यगृहात कोणी मोजत नाही. तिकडे बाबांचा पैसा घालू नकोस.

कागदांचं काम गाण्याच्या आधी सुरू कर, कारण ते आवाजासाठी थांबत नाही. पासपोर्ट, दहावी-बारावीच्या आणि प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिका, विद्यापीठाची पदवी, आणि जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं, शैक्षणिक कागद तपासून दिलं जाणारं ए.पी.एस. प्रमाणपत्र, ज्याची फी १८,००० रुपये आहे. पदवीचा निकाल लागताच ए.पी.एस.चा अर्ज टाक, त्यात काही आठवडे जातात. विशारदचं प्रमाणपत्र जोड, पण त्यावर थेट मास्टर्सला प्रवेश मिळेल अशी आशा ठेवू नकोस. त्यासाठी पाश्चात्त्य गायनाचीच पदवी लागते. गुरुजींना हे सगळं लपवून करू नकोस. स्ट्रोबोस्कोपीचा पहिला अहवाल त्यांनाच आधी दाखव, आणि खर्ज का थांबवतेस ते सांग.